माझ्यासाठी खोटं बोलणाऱ्या आत्याला

आत्या, पैज तू हरलीस.

निकाल लागला. त्या माणसाला शिक्षा झाली, आणि चांगली सणसणीत झाली. तू काय म्हणाली होतीस आठवतं? बोरिवलीच्या बाजारात, सगळ्या बायांसमोर, कोयता आपटून म्हणालीस, "कोर्टात जाऊन कोनाचा भला झाला, सांग माला. त्याला शिक्षा झालीच ना, तर मी अख्खा दिवस गिऱ्हाईक मागंल त्या भावाला मावरा देईन." घासाघीस न करता मासळी विकताना तू! तो दिवस बघायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं. बाजूच्या बायांनी तर तेव्हाच ठरवून टाकलं होतं की त्या दिवशी आपापल्या सुनांना गिऱ्हाईक बनवून पाठवायचं. आणि तू काय केलंस, तर निकालाच्या आधीच निघून गेलीस. हरायची वेळ आली की उठून जायचं, ही तुझी सवय पत्ते खेळतानाही होतीच.

तू गेलीस त्याला अजून महिनाही झाला नाही. घरात तुझं लुगडं दोरीवर तसंच आहे, मी काढलेलं नाही. रडून झालंय माझं, बरंचसं. आता भांडायचं राहिलंय. समोरासमोर भांडणात मी तुला कधी जिंकू दिलं नाही आणि तू मला. म्हणून हे लिहिते. शिवाय माझी गोष्ट तू लोकांना इतक्या तऱ्हांनी सांगून ठेवलीस, की ती कुणीतरी एकदा सरळ सांगायला हवी.

सरळ गोष्ट अशी. मी मढची, तुझ्या भावाची मोठी मुलगी. बारावी झाली होती आणि मला काम हवं होतं. मढचे बंगले शूटिंगला जातात, तिथं कपड्यांच्या खात्यात हाताखाली मुली लागतात. तिथला एक ड्रेसवाला गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता, आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा. म्हणाला, बाहेरगावी शूटिंग आहे, महिनाभराचं काम आहे, अजून दोन मुली आहेत. बाबांनी हो म्हटलं. मी नवीन सँडल घालून गाडीत बसले. गाडी जिथं थांबली तिथं शूटिंग नव्हतं आणि खोलीला कडी बाहेरून होती. पुढच्या वर्षभराचं मी कोर्टात सांगितलंय. ते ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ऐकलं. इथं परत सांगणार नाही.

मग एक दिवस पोलीस आले, संस्थेची माणसं आली, आणि आमची सुटका झाली. सुटका हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते. कारण तिथून सुटून मी मुंबईला आले ती थेट सुधारगृहात, आणि तिथंही कुलूप होतंच. वैशालीताई संस्थेकडून आमच्यासाठी यायची. मी तिला विचारलं, "ताई, गुन्हा त्यानं केला ना? मग कोंडलंय मला कशाला?" ती बिचारी म्हणाली, "अगं, घरचं कुणीतरी येऊन तुला घेऊन जायला हवं. घरची चौकशी होईल, कोर्ट हुकूम देईल, मग." मी एकोणीस वर्षांची होते. मत देऊ शकत होते, लग्न करू शकत होते, पण दाराबाहेर पाऊल टाकायचं तर बाप लागत होता. आणि बाप येईना. चौकशीवाल्या बाई मढला जाऊन आल्या. बाबा त्यांना म्हणाले, धाकटीचं लग्न ठरवायचंय, हिला आणून काय करू.

त्या सगळ्या मुलींमध्ये मी एकटी नव्हते. काहींच्या घरचे येतच नव्हते. काहींचे यायचे आणि लांबून बघून परत जायचे. रविवारी दार वाजलं की सगळ्या जणी माना वर करायच्या. मी मान वर करायची बंद केली होती. आणि अशा एका रविवारी बाहेरून आवाज आला, "अवो बाय, माजी पोर हय का नाय ह्यात? नुसतं बसा बसा नका सांगू." गोराईहून होडीनं खाडी ओलांडून, दोन बसा बदलून तू आली होतीस. तुझा आवाज ऐकून तिथल्या बाई घाबरल्या. मी वर्षभरात पहिल्यांदा हसले.

तुझं पहिलं खोटं तिथंच झालं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, वडील असताना आत्या का? तू तोंडावरची रेषही न हलवता म्हणालीस, "बाप बोटीवर हय, साहेब. खोल समुद्रात. कवा येल काय सांगावा!" बाबा त्या वेळी मढच्या जेट्टीवर जाळं विणत बसले असतील. भावाची अब्रू तू अशी वाचवलीस. तो हुकूम निघायलाही बरेच खेटे घालावे लागले. चौकशीवाल्या बाई गोराईला घर बघायला आल्या. घरात पुरुष नाही म्हणून त्यांना काळजी वाटली. त्यांनी विचारलं, मुलीवर लक्ष कोण ठेवणार? तू म्हणालीस, "बाजारात माज्या बाजूला बसंल. सगला बाजार ठेवंल लक्ष." त्या बाईंनी काय लिहिलं कोण जाणे, पण मी घरी आले.

दुसरं खोटं गोराईसाठी. घरी पोचायच्या आधीच तू जेट्टीवर जाहीर करून टाकलं होतंस की भाची नाशिकला नर्सिंगचा कोर्स करत होती. मला सांगितलंही नाहीस! दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची रेमीबाय दंडाची बाही वर करून दारात उभी. म्हणाली, "बघ गो, परेशर किती हय माजा." मी तुझ्याकडे बघितलं. तू चुलीत फुंकर मारत होतीस, जसं काही ऐकलंच नाही. मग तू बोरिवलीहून ते प्रेशर मोजायचं मशीन विकत आणलंस, आणि मी गोराईची नर्स झाले. कुणाच्या बोटात शिंगाळी माशाचा काटा मोडला, कुणाला ताप आला, की माझ्याकडे. मी गरम पाण्यात हात बुडवायला सांगायची, आणि जरा काही जास्त वाटलं की दवाखान्यात पिटाळायची. तेवढ्यानंच माझं नाव झालं.

तुला काय गंमत वाटत होती! मला नव्हती वाटत. रोज कुणीतरी नाशिकचं काहीतरी विचारायचं आणि मी उत्तर बनवायची. हॉस्टेल कसं होतं? जेवण कसं होतं? रात्री झोपताना मला ते खोटं हॉस्टेल दिसायचं आणि त्याच्याही दाराला बाहेरून कडी असायची. तुला हे सांगितलं तरी तू गोष्ट बदलली नाहीस.

धाकटीच्या लग्नावरून आपलं मोठं वाजलं. मला बोलावणं नव्हतं. मुलाकडच्यांना कळायला नको म्हणून. तू म्हणालीस, भावाच्या घरचं कार्य आहे, मी जाणार. आणि गेलीस, हळदीला गायलीस, नाचलीस. धाकटीनं मला नंतर फोनवर सांगितलं, की हळदीत बायांनी माझ्याबद्दल विचारलं तर तू म्हणालीस, हास्पिटलात ड्युटी हय, सुट्टी नाय मिलाली. तू परत आलीस तेव्हा मी दारातच ओरडले, "तू पण मला लपवतेस! बाबा लपवतात तसंच." तू डोक्यावरची फुलं काढून ठेवलीस आणि शांतपणे म्हणालीस, "लपवला नाय गो. झाकला. मावऱ्यावर वला फडका टाकतो ना आपून, उन्हानं खराब होऊ नये म्हनून? तसा."

"मी मावरं नाही, आत्या."

"मंग कोन हय? नर्स?" म्हणालीस आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसत सुटलीस. मी दोन दिवस जेवले नाही तुझ्या हातचं. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. लपवणं आणि झाकणं यात फरक आहे, असं तू म्हणायचीस. ज्याच्यावर फडकं पडतं त्याला आत अंधारच असतो, असं मी म्हणायची. अजूनही म्हणते.

आणि मग तुझं ते सगळ्यात मोठं खोटं. त्याच्यासाठी तुला मी कधी धरून हलवावं आणि कधी मिठी मारावी हे मला आजही ठरवता येत नाही.

दोन वर्षं झाली होती. केस उभी राहिली होती. ड्रेसवाला जामिनावर बाहेर होता आणि मढच्या त्याच बंगल्यांवर पुन्हा कपडे पोचवत होता. कोर्टाचं समन्स घेऊन पोलीस आला तो गणवेशात, होडीतून उतरून जेट्टीवर माझं नाव घेत विचारत सुटला, ही कुठं राहते? त्याला घर दाखवायला पाच जण धावत आले, त्यांच्यामागे पंधरा जण बघायला आले. मी बोरिवलीला बाजारात होते. तुझा गुडघा धरला होता म्हणून तू घरी. त्या सगळ्या गर्दीसमोर तू त्याला सांगितलंस, "ती हितं नाय रेत. लगीन करून उरणला गेली. नवरा ट्रॉलरवर हय." त्यानं पत्ता विचारला, तू म्हणालीस माहीत नाही. नवऱ्याचं नाव विचारलं, तेवढं मात्र सांगितलंस. प्रमोद.

मी संध्याकाळी आले तर तू मला खवलेल्या खोबऱ्याचं कालवण वाढलंस. नेहमीपेक्षा जास्त लाड होते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कळलं ते वैशालीताईच्या फोनवरून. मी बाजारात सुरमईचे तुकडे करत होते. ती म्हणाली, "अगं, तुझं लग्न झालं आणि मला बोलावलंही नाहीस?" मला वाटलं चेष्टा करते. मग तिचा आवाज बदलला. साक्षीदार सापडत नाही, असा शेरा कोर्टात गेला होता. तिघी मुलींपैकी एक तिच्या गावी गेली होती, तिचा पत्ताच नव्हता. दुसरी बोलायला तयार नव्हती. उरले होते मी. पुढच्या तारखेला मी उभी राहिले नाही, तर सरकारी पक्षाचा पुरावा तिथंच संपणार होता, आणि तो माणूस सगळ्यांच्या देखत हसत घरी जाणार होता. मढला. आमच्या ओट्यासमोरून.

मी तुझ्यासमोर फोन आपटला. तू मान खाली घालून कोलंबी सोलत राहिलीस.

"का केलंस?"

"तो सुटला तर सुटू दे. तू सुटलीस ना? बस झाला."

"मी कुठं सुटले? मी तर उरणला आहे ना! प्रमोदबरोबर!"

बाजूच्या बाया हसल्या, आणि मग त्यांना कळलं की हे हसायचं नाही. तू म्हणालीस, कोर्टात परक्या लोकांपुढे ते सगळं बोलायला लावतील, वकील नागडं करतील शब्दांनी, मग गोराईत काय, बाजारात काय, कुठं तोंड दाखवशील? मी म्हणाले, ज्यानं केलं तो तोंड दाखवत फिरतोय की. तू म्हणालीस, पुरुषाचं वेगळं. त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुला माहीत आहे. मी माझा पाट उचलला आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, नळापाशी जाऊन बसले. तिथं गिऱ्हाईक येत नाही. नाही आलं तर नाही.

आपण दोघी एका होडीतून जायचो, एका घरात झोपायचो आणि बोलायचो नाही. वैशालीताई म्हणाली, सरकारी वकील अर्ज करतील, पण साक्षीदार हजर असताना नाही असं का सांगितलं गेलं, हे कोर्ट विचारेल. मी म्हणाले, मी सांगेन काय ते. मला तुझं नाव घ्यायचं नव्हतं. खरंच नव्हतं, इतकी चिडलेली असूनही.

आणि तारखेच्या सकाळी मी उठले तर तू तयार. लग्नाकार्याला नेसतेस ते हिरवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीची वेणी, कानात बुगड्या. गुडघ्याला पट्टा. म्हणालीस, "चल. यो खोटा माजा हय. मीच जाऊन सांगीन."

सगळ्या कोर्टात लोक पांढऱ्या-काळ्यात आणि मधोमध तू! जज बाई होत्या. तू त्यांना 'बाय' म्हणालीस, शिरस्तेदार म्हणाला 'मॅडम' म्हणा, तू म्हणालीस 'बरा, मॅडमबाय.' त्यांनी विचारलं, पोलिसाला खोटं का सांगितलं? तू दोन्ही हात जोडलेस. तुझा आवाज, जो खाडीच्या या तीरावरून त्या तीराला जातो, तो एकदम बारीक झाला. "मॅडमबाय, मी खोटा बोललू. पोर हितंच हय, माज्या घरात. लगीन नाय, नवरा नाय, काय नाय. माला वाटला, हितं आनली तर परत मोडंल ती. पन ती नाय मोडनारी. मीच भ्यालू. सॉरी."

सॉरी! कोर्टात सॉरी म्हणालीस. जजबाईंनी तुला चांगलंच सुनावलं. परत असं झालं तर तुमच्यावर कारवाई होईल, म्हणाल्या. तू म्हणालीस, "परत कशाला व्हतंय? या टायमाला मीच हात धरून आनीन तिला." त्यांनी कागदात तोंड घातलं, पण मला दिसलं, त्या हसत होत्या. पुढची तारीख मिळाली. केस वाचली.

एक गोष्ट मात्र राहिलीच. जजबाईंना सॉरी म्हणालीस, मला कधी म्हणाली नाहीस. बाहेर आल्यावर वाट बघितली मी. तू विचारलंस, "हितं उसाचा रस कुठं मिलतो?" आणि पुढं चालायला लागलीस.

माझी साक्ष बंद दालनात झाली. बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. मधे पडदा होता, म्हणजे मला तो दिसणार नाही. सोबतीला घरचं एक माणूस बसू शकतं म्हणाले, मी तुझं नाव सांगितलं. अट एकच होती, तोंडातून शब्द काढायचा नाही. वैशालीताईला वाटलं, हे तुला जमणार नाही. मलाही वाटलं. तू कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलीस आणि पदराचं टोक तोंडात घालून दातांनी धरून ठेवलंस.

सगळं सांगताना मी अडखळले, थांबले, पाणी प्यायले, परत सांगितलं. खरी परीक्षा त्याच्या वकिलाची होती. गाडीत तुम्ही स्वतःहून बसलात ना? हो, कामाला जायचं म्हणून बसले. वडिलांची परवानगी होती ना? होती, कामाला. आरडाओरडा का केला नाही? केला. ऐकणारे सगळे त्यांचेच होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्ही नाशिकला नर्सिंग शिकलात, असं तुमच्या आत्या सगळीकडे सांगतात. खरं आहे?"

"नाही."

"तुमचं उरणला लग्न झालं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. खरं आहे?"

"नाही."

"म्हणजे तुमच्या घरात सोयीप्रमाणे गोष्टी रचून सांगायची पद्धत आहे. तशीच ही एक रचलेली गोष्ट आहे, असं माझं म्हणणं आहे."

आत्या, तुझं सगळं खोटं त्यांनी माझ्यासमोर एका ओळीत मांडून ठेवलं. मी तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा पडला होता. तू उभी राहायला गेलीस आणि परत बसलीस. मला वाटलं होतं, असं झालं तर मला तुझा राग येईल. आला नाही. उलट पहिल्यांदाच मला त्या फडक्याचा अर्थ लागला. मी म्हणाले, "साहेब, आत्या खोटं बोलली, कारण खरं ऐकून मला कुणी घरात घेत नव्हतं. माझ्या वडिलांनी खरं ऐकलं होतं. ते आले नाहीत. ती आली. तिचं खोटं मला जगवायला होतं. ह्या माणसाचं खोटं मला विकायला होतं. मी दोन्ही बघितलीत. मला फरक कळतो."

जजबाई स्वतः टाइप करणाऱ्याला म्हणाल्या, हे शब्द जसेच्या तसे घ्या. वकिलांनी अजून चारदोन प्रश्न विचारले, पण त्यांत दम नव्हता. बाहेर आल्यावर तू पदर तोंडातून काढलास, तर त्याला भोक पडलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "बोलतेस बरी." तुझ्याकडून मिळालेलं हे एकुलतं एक सर्टिफिकेट. मी त्यावर खूश आहे.

त्यानंतर मी ठरवलं, नाशिक बंद. दुसऱ्या दिवशी रेमीबाय दंड पुढे करून आली तेव्हा मी मशीन बाजूला ठेवलं. कोर्टातही इतकी भ्याले नव्हते. म्हटलं, "रेमीबाय, मी नर्स नाही. कधीच नव्हते. मी कुठं होते ते..."

ती म्हणाली, "ठाव हय गो. पयल्या दिवसापासून ठाव हय. नर्स कवा असा पट्टा बांदते? उलटा बांदतेस तू."

"मग रोज येत होतीस कशाला?"

"तू दिवसभर भिताडाकडं तोंड करून बसायचीस. कोनीतरी यायला नको?"

मी तिथंच रडायला लागले. तू आतून ओरडलीस, "रेमी, चहा पितेस का?" तुलाही माहीत होतं, होय ना? निम्म्या गोराईला माहीत होतं आणि सगळे मला दंड दाखवायला येत होते. सगळेच तसे नव्हते, तेही सांगायला हवं. तुझ्या रांगेतल्या दोघी अजूनही माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. बघायला आलेलं एक स्थळ चौकशी करून परत गेलं ते गेलंच. जेट्टीवर मागून शब्द यायचे, अजून येतात. पण तेव्हापासून मला वळून बघता येतं, आणि वळून बघितलं की बोलणाराच खाली बघतो.

आता मशीन रेमीबायच्या घरी आहे. तिची सून नीट बांधते पट्टा. मला नर्स व्हायचं नाही, आत्या. मला सुरमईचे तुकडे एकसारखे पाडता येतात, आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव सांगता येतो. मला हेच आवडतं. वैशालीताई कुठल्या मुलीला घेऊन कोर्टात जाणार असली आणि मुलगी घाबरली असली, की मला फोन करते. मी जाते, बाहेरच्या बाकावर तिच्याबरोबर बसते. तुझ्यासारखा पदर चावत नाही, गप्पा मारते.

तू हॉस्पिटलात होतीस तेव्हाही आपण भांडलोच. तुला बाजारात जायचं होतं, मी जाऊ देत नव्हते. नळी लावलेल्या हातानं माझा कान धरायला बघत होतीस. मग थकलीस. म्हणालीस, "निकाल लागला का सांग माला." मी म्हटलं, सांगेन, आणि पैज विसरायची नाही. तू डोळे मिटून हसलीस. ते शेवटचं. तेव्हा कळलं असतं तर मी अजून काहीतरी बोलले असते. कृतज्ञ वगैरे शब्द तुला कळले नसते, पण तुझ्या गुडघ्याला तेल लावत बसले असते.

तर सांगते. निकाल लागला तेव्हा माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. जजबाईंनी वाचलं. दोषी. मग वैशालीताईनं निकालपत्रातली एक ओळ मला दाखवली. या साक्षीदाराची साक्ष विश्वासार्ह आहे. मी तिला ती परत वाचायला लावली. मग परत. मी कुठं होते, कुणाबरोबर गेले, का गेले, यावर इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मान हलवली होती, आणि एका कोर्टानं शिक्का मारून लिहून दिलं की ही मुलगी खरं बोलते. तुझ्या घरातली असून! तो माणूस माझ्यासमोरून गेला, दोन पोलिसांच्या मधून. पडदा नव्हता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. त्यानं मान खाली घातली. संध्याकाळी होडी जेट्टीला लागायच्या आतच मी तुझ्या आवाजात ओरडले, "जिंकलो गोऽ!" किनाऱ्यावर रेमीबाय नाचायला लागली. तू गेलीस म्हणून सुतक होतं, तरी नाचली.

आणि मग तुझा दहावा आला.

बाबा आले होते. भाऊ म्हणून सगळं त्यांनीच केलं, मी अडवलं नाही. खाडीकाठी पिंड ठेवले. तुला माहीत आहे ना रीत? कावळा शिवला नाही तर मेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय असं धरतात, आणि घरचे हात जोडून वचन देतात. बाबा तयारीनं आले होते. धाकटीनं मला कानात सांगितलं, बाबा म्हणणार आहेत, तुझी पोर मी घरी घेऊन जातो, काळजी करू नको. सगळ्यांसमोर म्हणणार होते. वेळही चांगली होती, निकाल लागला होता, पेपरात नाव न घालता का होईना बातमी आली होती. त्यांनी हात जोडले, घसा खाकरला, डोळ्यांत पाणीही आलं, खरं पाणी. आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत कावळा आला. आला तो आला, अख्खा भाताचा मुटका घेऊन उडाला!

सगळे बघत राहिले. रेमीबाय म्हणाली, "बगा, हिचा काय रायलाच नव्हता." बाबा तसेच जोडलेले हात घेऊन उभे. सांगायचं ते तोंडातच राहिलं. मला त्यांच्यावर हसायचं नव्हतं, आत्या. शप्पथ. पण मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तुझं काही राहिलं नव्हतं. मला कुठं पोचवायचं राहिलं नव्हतं.

लोक पांगल्यावर बाबा जवळ आले. किती वर्षांनी मी त्यांना इतक्या जवळून बघत होते. म्हातारे झालेत. इकडेतिकडे बघत म्हणाले, "पोरी, घरी चल आता."

मी म्हणाले, "बाबा, ऊन फार आहे. तुम्हीच चला घरी. चहा करते."

ते माझ्यामागून आले. दारात थांबले, चपला काढल्या, आणि आत यायच्या आधी, मी कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात मला विचारलं, "येऊ का?"